ज्ये

यिवूच्या बटणबाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
गाळे बंद झाले की साडेसातला आमचा वर्ग भरतो.
न्ये सर एकेका इंग्रजी क्रियापदाला
टेबलावर उताणं पाडतात,
मासळीवाल्यासारखे: हे कल्ले, हा काटा.

आजचं क्रियापद माझ्यामुळे निघालं.
पोलंडच्या गिऱ्हाइकाला मी लिहिलं होतं,
'कृपया आम्हाला तुमचा नमुना बॉरो करा.'
त्यानं उलट विचारलं, कुणाकडून?
फोर्कलिफ्टवाला तोंग इतका हसला
की थर्मासमधला चहा मांडीवर सांडला.

सरांनी फळ्यावर दोन बाण काढले.
माझ्याकडे येतं ते बॉरो.
माझ्याकडून जातं ते लेंड.
"आपल्याकडे दोन्हीला एकच, ज्ये.
आपण वाक्य संपेपर्यंत थांबतो,
मग कळतं कोण देणेकरी, कोण घेणेकरी.
इंग्रजीला तेवढा धीर नाही.
ती दारातच विचारते,
हात पसरून आलीस की मूठ उघडायला?"

मी वहीत ज्ये लिहिला. दहा रेघा.
डावीकडे माणूस, अंग चोरून उभा.
उजवीकडे 'पूर्वी'.
इतकी वर्षं लिहितेय,
आज पहिल्यांदा वाचला.

पूर्वी म्हणजे ब्याण्णव साल, जियांगशीतलं डोंगराकडचं गाव.
मी दुसरी मुलगी.
माझा दंड आमच्या तिन्ही डुकरांहून महाग,
आणि घरात मुलगा अजून व्हायचा होता.
मावशी बसनं आली, जाताना मला घेऊन गेली.
सोबत तांदळाची अर्धी गोणी
आणि शेजाऱ्यांना सांगायला एक वाक्य:
'थोडे दिवस ज्ये.'

त्या वाक्यात कर्ता नव्हता.
आमच्या भाषेत चालतं.
कुणी लाल शाईनं गोल करत नाही.

आई म्हणायची, मावशीनं नेलं, तिची कूस उजवली नव्हती.
मावशी म्हणायची, तुझ्या आईनं दिलं,
तिच्या दाराशी रजिस्टर घेऊन माणसं यायची.
दोघी खरं बोलत होत्या.
मी दोन बाणांच्या मधे, खडूचा धुरळा.

उसनी वाटी रिकामी परत करू नये,
हे मावशीचंच वाक्य. जेवताना म्हणायची, सहज.
मी भरत राहिले:
आधी पहिला नंबर, मग विहिरीचं पाणी,
मग बटणांचा पगार.
आई अजून दर नव्या वर्षाला
मावशीकडे अर्धी गोणी पाठवते.
व्याज की मुद्दल, कुणी विचारलेलं नाही.

गृहपाठ: दोन्ही क्रियापदांची पाच-पाच वाक्यं.
छत्री. सायकलचा पंप. दोनशे युआन.
तोंगनं मला खोडरबर लेंड केलं,
मी त्याच्याकडून ते बॉरो केलं.
पाचव्या वाक्यापाशी पेन अडलं.
माझ्या आईनं मला लेंड केलं.
खोडलं.
माझ्या मावशीनं मला बॉरो केलं.
तेही खोडलं, पण हलक्या हातानं,
खालचं वाचता येईल इतपत.

वर्ग सुटल्यावर सरांना विचारलं,
वस्तू परतच केली नाही तर क्रियापद बदलतं का?
बाहीवरचा खडू झटकत ते म्हणाले,
"किती दिवस झालेत, त्यावर आहे."
"बत्तीस वर्षं."
ते फळा पुसायला वळले.
फळा तोंगनं आधीच पुसला होता.

रात्री गाळ्यात एकटीच बसून
पोलंडला पुन्हा लिहिलं:
कृपया आम्हाला तुमचा नमुना लेंड करा.
तो शिंपल्याचा, चार भोकांचा, काठाला जरासा टवका उडालेला.
आम्ही जपून ठेवू.
आणि खाली, ठळक अक्षरांत,
परत करायची तारीख.